सायकलच्या चाकातील आऱ्यांची मांडणी : सामर्थ्य व व्यवहार्यता यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

बैलगाडीच्या चाकात भार खालच्या लाकडी आऱ्यावर दाबाच्या रूपाने येतो. सायकलच्या चाकातील बारीक तार मात्र दाबाखाली वाकते; म्हणून तिला आधीच ताणून ठेवावे लागते. भार आल्यावर खालच्या आऱ्यांतील ताण कमी होतो आणि तो पूर्ण नाहीसा होत नाही तोवर चाक भक्कम राहते. या तत्त्वाच्या आधारे आऱ्यांच्या विविध मांडण्यांचे मूल्यमापन करणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक विकास

ताणलेल्या आऱ्यांच्या चाकाची कल्पना इंग्लंडमध्ये सर जॉर्ज केयली यांनी १८०८ मध्ये उड्डाणयंत्रासाठी मांडली. सायकलसाठी अशा चाकाचे पेटंट पॅरिसच्या युजीन मेयर यांनी १८६९ मध्ये घेतले. त्यानंतर १८७० मध्ये जेम्स स्टार्ली व विल्यम हिलमन यांनी इंग्लंडमध्ये 'एरियल' या सायकलचे पेटंट घेतले.

या आरंभीच्या चाकांत आरे हबपासून रिमपर्यंत त्रिज्येच्या दिशेने सरळ जात. उभा भार पेलण्यास ते समर्थ होते. तथापि, त्या काळी पायटे थेट पुढच्या चाकाच्या हबला जोडलेले असत. पायाचा जोर रिमपर्यंत पोहोचविण्याचे काम सरळ आऱ्यांना नीट साधत नसे. हब किंचित फिरून आरे तिरपे झाल्यावरच जोर पुढे जाई. १८७४ मध्ये स्टार्ली यांनी आरे हबला स्पर्शरेषेच्या दिशेने जोडून हा दोष दूर केला. निम्मे आरे एका बाजूस व निम्मे दुसऱ्या बाजूस झुकल्याने परस्परांना छेदणारी, आज सर्वत्र दिसणारी जाळी निर्माण झाली.

अपारंपरिक मांडण्या

एका सरळ आऱ्याच्या दोन्ही बाजूंस दोन तिरपे आरे असलेली 'कावळ्याचा पाय' ही मांडणी आणि आऱ्यांच्या जोड्यांना पीळ देऊन केलेली 'हिमकण' मांडणी ही याची ठळक उदाहरणे होत. पहिलीत दोन वेगवेगळ्या लांबीचे आरे लागतात. दुसरीत एक आरा तुटल्यास त्याच्या जोडीदाराचाही ताण ढळतो व चाकाचा 'आऊट' काढणे जिकिरीचे होते. छेदबिंदूंवर आरे तारेने बांधून डाख देण्याची प्रथाही शर्यतीच्या चाकांत होती. अमेरिकन अभियंते जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ च्या 'द बायसिकल व्हील' या ग्रंथात मोजमापांच्या आधारे, या बांधणीने चाकाच्या ताठपणात लक्षणीय भर पडत नाही, असे दाखविले.

निष्कर्ष

चाकाचे सामर्थ्य नक्षीपेक्षा आऱ्यांची संख्या, पुरेसा व समान ताण आणि रिमची मजबुती यांवर अवलंबून असते. सरळ आरे पुढच्या चाकास चालतात. मात्र ते हबची कड थेट बाहेर ओढतात. साखळीचा जोर पेलणाऱ्या मागच्या चाकास, तसेच डिस्क ब्रेकच्या चाकास, तिरपे आरे आवश्यक ठरतात. छेदणारी मांडणी टिकली, ती रूढीमुळे नव्हे. बल वाहण्याची क्षमता आणि साध्या कारागिरालाही करता येणारी दुरुस्ती यांचा मेळ तिने घातला, म्हणून.