धर्मभाषा आणि करवीरचे वेदोक्त प्रकरण

धर्मभाषा : मंत्र, प्रार्थना, संकल्प, आशीर्वचन इत्यादी धार्मिक उक्तींतून अर्थबोध कसा होतो, याविषयीचा तत्त्वज्ञानातील विचार. अशा उक्तींना लौकिक विधानांप्रमाणे खरेखोटेपणा लागू पडतो काय, आणि पडत नसेल तर त्यांचा अर्थ कोठे शोधावा, हा येथील मूळ प्रश्न होय. महाराष्ट्रात त्याची खरी कसोटी लागली ती करवीरात, म्हणजे कोल्हापुरात, पंचगंगेच्या घाटावर.

प्रश्न जुना आहे. यास्काच्या निरुक्तात कौत्साचा पक्ष असा नमूद आहे की, मंत्रांतील पदे बदलून तेथे पर्यायशब्द योजता येत नाहीत, त्यांचा क्रम पालटता येत नाही आणि कर्माचे विधान ब्राह्मणग्रंथ स्वतंत्रपणे करतातच, त्याअर्थी मंत्र निरर्थक होत. यास्काने हे मत खोडून काढले; जैमिनीच्या पूर्वमीमांसेनेही पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, शब्द लोकात आणि वेदात सारखेच अर्थ सांगतात, असा निर्वाळा दिला. मंत्राचे प्रयोजन अनुष्ठेय कर्माचे स्मरण करून देणे हे ठरले. मात्र ते स्मरण मंत्रानेच झाले पाहिजे, असा नियम मीमांसकांनी राखला. अर्थ पदरात पडला, पण अक्षरांची सक्ती सुटली नाही. पुढल्या साऱ्या तंट्याची मेख येथेच आहे.

१८९९ च्या सुमारास कार्तिकस्नानासाठी गेलेल्या कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींपुढे उपाध्याय वेदोक्त नव्हे तर पुराणोक्त, म्हणजे पुराणांतील, मंत्र म्हणत असल्याचे सोबतच्या राजारामशास्त्री भागवतांनी निदर्शनास आणले, आणि विचारणा होताच, शूद्रांस पुराणोक्तच सांगावयाचे असून त्यासाठी आपण स्वतः स्नान करण्याचेही कारण नाही, अशा आशयाचे उत्तर मिळाले. दरबारने वेदोक्ताचा, म्हणजे वेदमंत्रांनी विधी करण्याचा, आग्रह धरला आणि तसा हुकूम दिला. १९०१ मध्ये नारायणशास्त्री सेवेकरी यांनी महाराजांची श्रावणी वेदोक्त पद्धतीने केली. राजघराण्याचे पुरोहित राजोपाध्ये यांनी हुकूम मानला नाही, तेव्हा १९०२ मध्ये त्यांची इनामे जप्त झाली, आणि त्यांची दाद व्हाइसरॉय कर्झनपर्यंत जाऊनही व्यर्थ गेली. ‘केसरी’ वृत्तपत्राने या मागणीची ‘खूळ’ म्हणून संभावना केली होती.

आता पुराणोक्त मंत्रही संस्कृतच. स्नान तेच, नदी तीच. यजमान शूद्र आहे असे त्यांतील एकाही पदाने म्हटलेले नव्हते. तरीही ते म्हटले गेले आणि घाटावरील प्रत्येकास समजले. ए. जे. एअरने १९३६ मध्ये, पडताळा घेता येत नाही म्हणून ईश्वरविषयक विधाने अर्थशून्य ठरविली. त्याच्या मापाने हा अर्थ मोजताच येणार नाही, कारण तो विधानात नव्हताच. जे. एल. ऑस्टिनचे प्रतिपादन अधिक उपयोगी पडते : काही उक्ती वर्णन न करता कृती करतात, आणि ती सिद्ध होण्यास रूढ विधी व योग्य अधिकारी लागतो. तथापि ऑस्टिनच्या उदाहरणांत, मग ते विवाह असोत वा जहाजाचे नामकरण, विधी व अधिकार बहुधा ठरलेले असतात. करवीरास नेमका अधिकारच वादग्रस्त होता, आणि त्याचा निकाल शास्त्रार्थापेक्षा सनदा व इनामे यांच्या दप्तरात लागला. १६७४ मध्ये गागाभट्टांनी शिवाजी महाराजांचा वैदिक राज्याभिषेक केल्यावर त्याच वर्षी निश्चलपुरीने तांत्रिक अभिषेक केला, यावरूनही अशा उक्तींचे बळ कोणाच्या मान्यतेवर तोलले जाई, ते दिसते.

येथे जोतीराव फुले यांची वाट निराळी. १८८७ च्या त्यांच्या पूजाविधीच्या पुस्तकात मंगलाष्टके मराठीत आहेत आणि वधूवर आपापली प्रतिज्ञा स्वतः बोलतात. म्हणजे ज्यास बंधन पडावयाचे त्यास ते समजले पाहिजे, ही अट. शाहूंचा आग्रह मात्र, काटेकोरपणे पाहता, प्रतिपक्षाचेच गृहीत स्वीकारणारा होता : वेदाक्षरांत प्रतिष्ठा आहे, ती आम्हांसही मिळावी. प्रस्तुत लेखकास यात तर्कदोष वाटत नाही. अपमान ज्या भाषेत झाला तीतच त्याचे निराकरण होऊ शकत होते. पुढे १९२० मध्ये महाराजांनी मराठा विद्यार्थ्यांस पौरोहित्य शिकविण्यासाठी कोल्हापुरात श्री शिवाजी वैदिक विद्यालय काढले आणि त्याच वर्षी सदाशिवराव बेनाडीकर यांस क्षात्रजगद्गुरूच्या, म्हणजे क्षत्रियांच्या स्वतंत्र धर्मगुरूच्या, पीठावर बसविले.