अंधबिंदूवर पडलेला उजेड

दोन वर्षांपूर्वी काचबिंदूच्या शंकेवरून माझी फील्ड टेस्ट झाली. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, समोरच्या खुणेवरून नजर हलवायची नाही आणि कडेला कुठे ठिपका चमकला की बटण दाबायचं. अहवालात शेरा आला, नजर स्थिर नव्हती. उभी हयात फौजेत ‘सावधान’मध्ये काढलेल्या माणसाला हे जरा लागलं. मग या तपासणीचा इतिहासच काढून बसलो.

सुरुवात फ्रान्सच्या एदम मारिऑतपासून. भिंतीवर कागदाची दोन वर्तुळं, मध्ये सुमारे दोन फूट अंतर. डावा डोळा मिटायचा, उजव्याने डावं वर्तुळ बघत मागे सरकायचं. नऊ-दहा फुटांवर उजवं वर्तुळ गायब! 1668 साली त्याने हे प्रसिद्ध केलं. डोळ्याची नस जिथून बाहेर पडते, तिथे पडद्याला दिसतच नाही. हा अंधबिंदू.

1889 मध्ये कोपनहेगनच्या बिएरुमने दवाखान्याच्या दारावरच नजरेचं क्षेत्र मोजलं. 1945 मध्ये बर्नच्या गोल्डमनने आतून सारखा उजळलेला अर्धगोल आणला. 1970च्या दशकात यंत्रं आपोआप मोजू लागली, आणि रुग्णावर पहारा कसा ठेवायचा हा प्रश्न आला. स्वीडनच्या हेइल आणि क्राकाउ यांनी युक्ती काढली: मधूनमधून ठिपका मुद्दाम अंधबिंदूवरच टाकायचा. तरीही बटण दाबलं, तर नजर हलली.

झकास! पण यात एक गृहीत धरलंय, की उजेड टाकला तिथेच पडतो. रात्री समोरून ट्रक आला की हेडलाइटभोवती पसरणारा झगझगाट आठवा. तो पसारा डोळ्याच्या आतला असतो. बुबुळाची काच, भिंग, सगळे थोडा उजेड विखुरतात, मोतीबिंदूत फारच. अंधबिंदूवर टाकलेल्या प्रखर ठिपक्याचा उजेड शेजारच्या शाबूत पडद्यावर सांडतो. रुग्ण इमानदारीने बटण दाबतो आणि यंत्र त्याच्यावर ठपका ठेवतं.

अर्धगोलातल्या उजेडात हा सांडलेला उजेड बराचसा बुडून जातो, पण ठिपका प्रखर करत गेलं की तो वर डोकं काढतो. 1980 मध्ये फांकहाउझर आणि हेबरलिन यांनी याचाच हिशेब मांडला. एका मर्यादेपलीकडे आपण मेलेली जागा मोजत नसतो, शेजाऱ्याकडे गेलेला उजेड मोजत असतो. म्हणजे काचबिंदूचा खोल खड्डा कागदावर उथळ दिसू शकतो. खरी काळजी ही. माझा शेरा त्यापुढे काहीच नाही.

डॉक्टरांना हे सांगितलं. ते हसले. म्हणाले, “साहेब, मोतीबिंदू आहेच, पण नजरही हलली नसेल असं नाही.” हेही खरं.

मोतीबिंदू काढल्यावर पुन्हा तपासणी केली. सगळीकडचा फिकेपणा गेला होता. नाकाकडच्या बाजूला, वर, एक डाग मात्र आधीपेक्षा स्पष्ट दिसत होता. त्याच रात्रीपासून काचबिंदूचे थेंब सुरू झाले.