नवरंगाला काच दिसत नाही: कर्जत-खालापूरच्या घरांचा इतिहास

आजचा भाग घरांचा आहे आणि पक्ष्यांचाही.

मे संपत आला, पहिले ढग दिसले की कर्जत-खालापूरच्या रानात नवरंग येतो. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून, रात्री-रात्री उडत तो इथे विणीसाठी पोहोचतो. पावसाबरोबर तिबोटी खंड्याही येतो, आपल्या रायगडचा जिल्हा पक्षी. आकाराने चिमणीपेक्षाही लहान. दोघांची सवय एकच: दाट झाडीत, जमिनीपासून थोड्याच उंचीवर, सुसाट उडायचं. आणि आता त्या झाडीच्या मधोमध फार्महाऊसची भलीमोठी काच उभी असते.

पक्ष्याला काच फसवते ती दोन प्रकारे. एक तर ती आरपार दिसते, म्हणजे समोरची खिडकी आणि मागची खिडकी एका रेषेत असली की पक्ष्याला वाटतं, मधून वाट आहे. नाहीतर ती आरसा होते आणि त्यात समोरचंच झाड दिसतं. पक्षी झाडावर बसायला जातो आणि काचेवर आपटतो. बरेचदा तो उडून जातो, पण आतल्या जखमेने पुढे कुठेतरी मरतो. त्यामुळे 'आमच्याकडे तर कधी मेलेला पक्षी दिसला नाही' यावर फार विसंबू नका.

मग प्रश्न असा: या तालुक्यांतली जुनी घरं पक्ष्यांना का मारत नव्हती?

ठाकर आणि कातकरी वाड्यांवरचं घर बघा. कारवीचा कूड, वरून शेणामातीचा लेप, खिडकी असलीच तर वीतभर. गावातल्या कौलारू घराला पुढे पडवी, खिडकीला गज आणि लाकडी झडपा. काचेचा प्रश्नच नव्हता.

काच आली ती साहेबांच्या बंगल्यांबरोबर. 1850 साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानला चढला आणि मग तिथे बंगले उभे राहू लागले. 1907 मध्ये नेरळहून छोटी गाडी सुरू झाली. पण त्या काळची खिडकी म्हणजे लाकडी चौकटीत बसवलेले काचेचे लहान तुकडे, आणि तेही खोल व्हरांड्याच्या सावलीत. सावलीतल्या काचेत आभाळ फारसं उमटत नाही आणि चौकटीच्या पट्ट्या पक्ष्याला दिसतात. हे कोणी पक्ष्यांसाठी केलं नव्हतं बरं का. ऊन-पावसासाठी केलं होतं. फायदा पक्ष्यांना झाला.

पुढचा टप्पा बोरघाटाच्या वर. 1908 मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून अक्षरशः पैसा-पैसा गोळा करायची चळवळ चालवली होती, टिळकांचा तिला पाठिंबा होता. स्वदेशी काच हे तेव्हा स्वप्न होतं. पण ती काच बाटल्यांची आणि दिव्यांची. त्या काळात काचेची चिमणी म्हणजे कंदिलाची चिमणी!

खरा बदल 1959 मध्ये इंग्लंडात झाला. पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट करण्याची पद्धत जाहीर केली. हीच फ्लोट काच. मोठी, एकसारखी, आरपार, आणि हळूहळू स्वस्त. नव्वदच्या दशकात आपल्याच रायगडात, तळोज्याला, फ्लोट काचेचा कारखाना उभा राहिला. 2002 मध्ये मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पूर्ण झाला, खालापूर मुंबईच्या हाताशी आलं. 'व्ह्यू' विकला जाऊ लागला. आणि व्ह्यू विकायचा तर भिंत काचेची हवी!

आता कायदा काय करत होता? बरंच काही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. 1985 मध्ये भीमाशंकर अभयारण्य झालं, त्याचा काही भाग कर्जत तालुक्यात येतो. 4 फेब्रुवारी 2003 ला माथेरान आणि आसपासचा सुमारे 214 चौरस किलोमीटरचा परिसर इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर झाला. 2020 च्या डिसेंबरात राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. पण इको-सेन्सिटिव्ह क्षेत्रं आणि माथेरानसारख्या गिरिस्थान नगरपरिषदा त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे एकाच तालुक्यात दोन शेजारच्या गावांना वेगळे नियम लागू शकतात. प्लॉट घेताना हे आधी विचारा.

झाड तोडायला परवानगी लागते, उंचीला मर्यादा असते, सामासिक अंतर मोजलं जातं. पण पक्षी धडकू नये म्हणून काच कशी असावी, याचा नियम यूडीसीपीआरमध्ये नाही. गंमत बघा, माणूस काचेवर आपटू नये म्हणून भारतीय मानक आहे: आयएस 16231, भाग चौथा. म्हणजे काच दिसत नाही हे आपण कागदावर मान्य केलंय, फक्त माणसापुरतं. आडवाटेने एक नियम मदत करतो. व्यावसायिक इमारतींच्या 2017 च्या ऊर्जा संहितेत, नेहमीच्या मार्गाने मंजुरी घ्यायची तर खिडक्यांचं प्रमाण बाह्य भिंतीच्या 40 टक्क्यांपर्यंतच ठेवावं लागतं. हेतू एसीचं बिल कमी करण्याचा, पण काच कमी तर धडकही कमी.

बाहेर हा इतिहास पन्नास वर्षांचा आहे. अमेरिकेत डॅनियल क्लेम यांनी सत्तरच्या दशकात यावर काम सुरू केलं. टोरांटोत 1993 पासून स्वयंसेवक पहाटे पडलेले पक्षी गोळा करतात. न्यूयॉर्कने 2019 मध्ये कायदा मंजूर केला: नव्या इमारतीच्या खालच्या 75 फुटांत 90 टक्के बाह्य भाग पक्ष्यांना दिसेल अशा साहित्याचा हवा. 75 फूट का? कारण साधारण झाडांच्या उंचीपर्यंतच जास्त धडका होतात. शिकागोत मॅककॉर्मिक प्लेस या एकाच इमारतीवर 5 ऑक्टोबर 2023 ला सुमारे एक हजार पक्षी मेले. पुढच्या वर्षी काचेवर ठिपक्यांची फिल्म लावली आणि मृत्यू 90 टक्क्यांहून जास्त घटले. आणि हे फक्त थंड देशांचं नाही. सिंगापूरमध्ये आपटणाऱ्या पक्ष्यांत नवरंगाचे भाऊबंद आहेत, आणि पाचू कवडाही. तो तर आपल्याकडेही आहे.

मग कर्जतला घर बांधणाऱ्याने काय करायचं? ठिपके किंवा रेघा काचेच्या बाहेरच्या बाजूला, साधारण पाच-पाच सेंटीमीटरवर. गरुडाचं एकच स्टिकर लावून उपयोग नाही, पक्षी त्याच्या बाजूने जातो. खिडकीला बाहेरून मच्छरजाळी लावा, डास आणि धडक दोन्ही थांबतात. काचेचा कठडा आणि कोपऱ्यातली काच टाळा, तिथे गज चालतील. छज्जा खोल ठेवा. मे-जूनमध्ये रात्री बाहेरचे दिवे बंद करा. नकाशावर असताना यातलं बरंच काही जवळपास फुकट आहे. काच बसल्यावर तेच महाग पडतं.

आणि पक्षी आपटलाच, तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. तास-दोन तासांत सावरला तर झाडीजवळ सोडा, नाहीतर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. पाळायला ठेवणं गुन्हा आहे.

माथेरानचे बंगले, गावातली पडवी, वाडीवरचा कूड: या घरांनी कुठलाही नियम नसताना पक्ष्यांना वाट दिली. पुढचा नियम कधी लिहिला जाईल तेव्हा जाईल. पण कर्जत-खालापुरात आज ज्या घरांचे नकाशे टेबलावर आहेत, त्यांची काच पुढची कित्येक पावसाळे तिथेच असणार आहे. तुमच्या ओळखीत कोणी असं घर बांधत असेल, तर काचेची ऑर्डर जाण्याआधी हा भाग त्यांना पाठवा. भेटू पुढच्या भागात.