‘काताकोम्बा’ : एका स्थलनामाचे सामान्यनाम

भुयारी दफनस्थानाचा वाचक असलेला इटालियन ‘काताकोम्बा’ हा शब्द उत्तरकालीन लॅटिनमधील ‘काताकुम्बास’ या रूपापासून आलेला आहे. त्याच्या व्युत्पत्तीविषयी विद्वानांत मतैक्य नाही. मूळ रूप ‘काता तुम्बास’, म्हणजे ‘थडग्यांपाशी’, असे असावे व ‘पहुडणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूच्या प्रभावाने त-काराचा क-कार झाला असावा, असे एक मत आहे. अर्थाच्या दृष्टीने ते सोयीचे खरे; परंतु शब्दाचा आजचा अर्थ गृहीत धरूनच ते आरंभ करते, हा त्याचा मुख्य दोष होय.

प्राचीन लेखांत हा शब्द स्थलनाम म्हणून येतो. इ. स. ३५४ च्या रोमन कालगणना-संग्रहात संत पीटरच्या स्मरणदिनाचे स्थळ ‘इन् काताकुम्बास’ असे दिले आहे, आणि त्याच संग्रहात सम्राट मॅक्सेन्शियसने (कार. ३०६–३१२) बांधविलेल्या रथशर्यतींच्या मैदानाचे स्थानही, किंचित वर्णभेदाने, याच नावाने सांगितले आहे. अर्थात् अप्पियन मार्गावरील, आज सान सेबास्तियानोचे चर्च असलेल्या परिसराचे हे नाव होते. दफनस्थानांना त्या काळी ‘निद्रास्थान’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला ‘कोएमेतेरिउम’ हा शब्द रूढ होता. शिवाय ‘इन्’ नंतर स्थलवाचक विभक्तिरूप अपेक्षित असता द्वितीयेचे रूप कायम राहिले आहे. यावरून मूळ पदबंध गोठून त्याचे अखंड नाम बनले होते, असे दिसते.

तेव्हा व्युत्पत्तीने उलगडा करावयाचा तो त्या स्थळाचा. तेथे पूर्वी ज्वालामुखीजन्य मातीच्या खाणी होत्या. त्यामुळे ग्रीक ‘काता कुम्बास’, ‘खळग्यांपाशी’, ही व्युत्पत्ती अधिक ग्राह्य ठरते. ‘कुम्बे’ म्हणजे पेला, खोलगट पात्र, होडी. येथे संस्कृत ‘कुम्भ’ आठवणे स्वाभाविक आहे. परंतु संस्कृत भ-काराच्या जागी ग्रीकमध्ये फ-कार येतो (‘भरामि’ : ‘फेरो’), ब-कार नव्हे. केवळ नादसाम्याने सगोत्रता सिद्ध होत नाही.

मध्ययुगात इतर दफनस्थाने विस्मृतीत गेली. यात्रेकरूंना परिचित राहिले ते मुख्यतः हेच. म्हणून त्याचे नाव त्या जातीच्या सर्व स्थानांना लाभले. तरीही आंतोनिओ बोझिओच्या १६३२ च्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ‘कोएमेतेरिउम’पासून आलेला जुना शब्दच वापरलेला आहे. शब्दाचा अर्थ येथे धातूने नव्हे, तर इतिहासाने घडविला.