अकरावीची बॅच आणि जगन्नाथ टेकडी



आपला सुवर्णमहोत्सवी मेळावा २०२० सालीच व्हायचा होता. तो करोनानं लांबवला, आणि नंतर आपल्याच गुडघ्यांनी. आता समितीनं 'बॅचचा इतिहास' लिहायचं काम माझ्यावर सोपवलं आहे. कारण एवढंच की बोर्डिंगचा मॉनिटर मी होतो आणि हजेरीचं रजिस्टर माझ्या काखेत असायचं. म्हणून तर तुम्ही माझं नाव 'हजेरी' ठेवलं. खरी नावं मी लिहीत नाही. एक तर ती आपल्यापैकी निम्म्यांना आठवत नाहीत. दुसरं म्हणजे हे पुस्तक सुना-नातवंडांच्या हाती पडणार आहे.

आधी आपण तिथं जमलो कसे, ते सांगतो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली बोर्डिंग काढलं, पुढं साताऱ्याला भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचत होतो. पण पवनीच्या बोर्डिंगात वाचताना ते फार लांबचं वाटायचं. आपल्याला जवळची होती ती ईबीसी. वार्षिक उत्पन्न बाराशेच्या आत असल्याचा दाखला आणला की फी माफ. त्या दाखल्यासाठी आपले बाप पटवाऱ्याच्या ओट्यावर किती वेळा बसले असतील, त्याचा हिशोब कोणी ठेवला नाही. फी माफ झाली तरी जेवण माफ नव्हतं. मेसचे पैसे दर महिन्याला रोख भरावे लागत, ज्यांना जमत नसे ते घरून तांदूळ आणत. भात आणि लाखोळीचं वरण, वरण आणि भात. रविवारी बदल म्हणून आधी वरण वाढायचे.

आता मंडळींकडे वळू.

पहिला 'घड्याळ'. घंटा वाजवण्याचं काम त्याच्याकडे होतं आणि त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. आकाश पाहून वेळ सांगतो म्हणायचा. कार्तिकातल्या एका पुनवेला त्याला उजाडल्यासारखं वाटलं आणि त्यानं पहाटेची घंटा दिली. आपण सगळे कुडकुडत वैजेश्वराच्या घाटावर गेलो, वैनगंगेत बुड्या मारल्या, परत येऊन कंदील लावून बीजगणित काढलं. दोन प्रकरणं झाली तरी सूर्य उगवेना. शेवटी आचारी उठून आला आणि म्हणाला, "काय करून रायले बे पोट्टेहो, रात्रीचे दोन वाजले!" हा गृहस्थ पुढं एसटीत वाहतूक नियंत्रक झाला. त्याच्या स्टँडवरून सुटणाऱ्या गाड्यांबद्दल मी काही बोलत नाही, तो मेळाव्याला येणार आहे.

दुसरा 'राधा'. दिवाळी संपून गावोगावच्या मंडया सुरू झाल्या की हा गायब. दंडारीत बाईचं सोंग त्याच्याइतकं कोणी घेत नसे. मंडईहून परत आला की आठवडाभर कानामागं काजळ आणि बोलण्यात लाडिकपणा राहायचा. गणिताचे गुरुजी त्याला फळ्यापाशी बोलवायचे आणि तो असा लाजत यायचा की गुरुजींनाच छडी खाली ठेवावी लागे. पुढं ग्रामसेवक झाला. मी त्याला निवृत्तीनंतर भेटलो तेव्हा झाडीपट्टीच्या एका नाटकात आजीची भूमिका करत होता. म्हणाला, "बढती झाली."

तिसरा 'चंद्र'. २१ जुलै १९६९ च्या सकाळी पवनीत जिथं जिथं रेडिओ होता तिथं गर्दी होती. माणूस चंद्रावर उतरला. या पठ्ठ्यानं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "खोटं आहे." वर्षभर तो या मतावरून हलला नाही. कोजागिरीला दुधाची वाटी हातात घेऊन त्यानं सगळ्यांना विचारलं, दिसतो का एखादा माणूस? विज्ञानाच्या पेपरात या प्रश्नाचं उत्तरही त्यानं तसंच लिहिलं असा बोर्डिंगात बोभाटा होता. आज त्याचा नातू अमेरिकेत आहे. फोनवर रोज बोलतो, तरी विश्वास बसला का, हे मी विचारलेलं नाही.

अजून बरेच आहेत. तकलीवाला, ज्यानं गांधी जन्मशताब्दीच्या उत्साहात सूत कातून त्याचाच करगोटा केला. नॅरोगेजवाला, जो प्रत्येक सुटीत पवनी रोड स्टेशनवर उतरून गाडीपेक्षा आपण आधी पोचलो असतो म्हणायचा. ती छोटी गाडी २०१९ साली बंद झाली, आता त्याला शर्यतीला कोणी उरलं नाही. पण मला ज्याच्याबद्दल लिहायचं आहे तो 'पाटी'.

त्याच हिवाळ्यात, १९६९-७० साली, जगन्नाथ टेकडीवर उत्खनन सुरू झालं. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांचं काम, डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली. गाव जुनं आहे हे मोठ्या माणसांना माहीत होतं. भार राजा भगदत्ताचा इथला शिलालेख महामहोपाध्याय मिराशींनी कधीच वाचला होता. पण आपल्यासाठी टेकडी म्हणजे बोरं खायची जागा. इतिहासाचे गुरुजी आपल्याला रांगेनं तिथं घेऊन गेले. दोऱ्या बांधून चौकोन आखलेले, विटांचा भला मोठा गोलावा उघडा पडलेला, बाजूला कोरीव दगडी खांब. आपल्यातल्या एकानं विचारलं, "सोनं निघालं का?" तिथल्या तरुण सहाय्यकानं हसून सांगितलं की हा बौद्ध स्तूप आहे, सांचीच्या तोडीचा, आणि या कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. सोनं नाही म्हटल्यावर निम्मी रांग बोरांकडे वळली.

पाटी वळला नाही. दुसऱ्या दिवशी तो वर्गात नव्हता.

त्याची तीन महिन्यांची मेस थकली होती. घरचे तांदूळ दिवाळीलाच संपले होते. टेकडीवर माती वाहायला मजूर लागत होते, रोजी मिळत होती. तो डोक्यावर पाटी घेऊन मजुरांत मिसळला. आपण सगळ्यांनी ते सांभाळून घेतलं, आठवतं ना? हजेरीच्या वेळी त्याच्या नावाला कधी घड्याळ 'हजर' म्हणायचा, कधी राधा. राधाच्या आवाजात 'हजर' आलं की मागच्या बाकावरून हुंदके यायचे, हसू दाबल्याचे. संध्याकाळी पाटी धुळीनं माखून यायचा आणि सांगायचा, आज खांबावर नाग निघाला, अनेक फण्यांचा, खाली त्याचं नाव लिहिलेलं आहे. पुढं पुस्तकात वाचलं, तो मुचलिंद नाग. बुद्धावर फणा धरणारा. आम्हा बोरं खाणाऱ्यांच्या आधी तो पाटीनं पाहिला होता.

दोन आठवड्यांनी अधीक्षकांनी मला बोलावून विचारलं, "याची हजेरी खरी आहे का?" मी खरं ते सांगितलं. रजिस्टर काढलं आणि त्यांच्यासमोर चौदा दिवसांच्या खाड्या केल्या.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मॉनिटरचं ते कामच होतं. ते तसं नव्हतं. इतिहासात पहिला यायचो मी, आणि दोरीच्या आत जायला मिळत होतं त्याला. मला ते सहन होत नव्हतं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बॅचचा इतिहास लिहायचा म्हटल्यावर ते वगळून लिहिता येईना.

त्याचं नाव बोर्डिंगातून कमी झालं. पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन तो किल्ल्याच्या दरवाज्यापर्यंत गेला, तेव्हा आपण सगळे व्हरांड्यात उभे होतो. मार्चची परीक्षा त्याला देता आली नाही. आपले नंबर पेपरात आले, कोणी भंडाऱ्याला गेलं, कोणी नागपूरला. त्यानं ऑक्टोबरला बाहेरून परीक्षा दिली, पास झाला, पुढं प्राथमिक शाळेत मास्तर झाला. १९७२ साली उत्खननाचा अहवाल पुस्तकरूपानं आला. माती वाहणाऱ्यांची नावं अशा पुस्तकांत नसतात. त्याचं गाव पुढं गोसीखुर्दच्या पाण्यात गेलं. राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ ला त्या धरणाची पायाभरणी केली, तेव्हा तो पोरांची रांग घेऊन कार्यक्रमाला गेला होता. गाव उठलं तेव्हा घराची मोजणी करायला आलेल्यांसमोर त्यानं टेप धरला. दोरीच्या आतलं काम आपल्याला येतं, असं म्हणाल्याचं नंतर कळलं.

या मेळाव्यासाठी शाळेच्या वाचनालयाला वर्गणी जमवायचं ठरलं, तेव्हा पहिली रक्कम त्याची आली. आपण सगळ्यांची नावं संगमरवरी पाटीवर कोरणार आहोत. त्यानं निरोप पाठवला, माझं नाव नको. समितीनं मला त्याच्याकडे पाठवलं. मी गेलो. पुनर्वसनाच्या गावठाणातलं घर, दारात पपई. वहिनींनी चहा दिला. मी स्तूपाच्या कठड्याची आठवण काढली, म्हटलं, दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांनीही नावं कोरली होती, तूच सांगायचास ना? तो हसला.

"हजेरी, तुया रजिष्टरात एकडाव नाव चढलं, तेवढं पुरे झालं मले."

मी तिथंच जे सांगायचं ते सांगितलं, चौदा दिवसांचं, आणि का केलं तेही. त्यानं ऐकलं. मग म्हणाला की त्या अधीक्षकांनीच त्याचा ऑक्टोबरचा फॉर्म भरला होता, पैसेही त्यांचेच, आणि कोणाला सांगू नको म्हणून बजावलं होतं. ते आज नाहीत, म्हणून सांगतो आहे, तूही लिहिलंस तरी चालेल. माझ्या बोलण्यावर मात्र तो काहीच बोलला नाही. निघताना पिशवीत दोन पपया घातल्या.

तेव्हा पाटीवर त्याचं नाव नसेल, हे मंडळींनी आधीच लक्षात घ्यावं आणि मेळाव्यात त्याच्याभोवती घोळका करू नये. मेळाव्याला तो येणार आहे. एसटीनं येतो म्हणाला, म्हणून घड्याळानं गाडीची वेळ त्याला कळवू नये, मी कळवली आहे. आणि टेकडीच्या सहलीला गुरुजींनी काढवलेला ग्रुप फोटो कोणाच्या घरी असेल तर घेऊन यावा. माझ्या प्रतीला वाळवी लागली. मागच्या रांगेतली डावीकडून दोन डोकी कोणाची, यावर माझं आणि राधाचं अजून एकमत झालेलं नाही.