पैलिनच्या खाणी आणि हिवतापाचे वाण

कंबोडियाच्या पश्चिम सीमेवरील पैलिन हा मुलूख माणिक आणि नीलम यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध असला, तरी हिवतापाच्या इतिहासात त्याचे नाव निराळ्याच कारणाने नोंदले गेले आहे. रत्नांच्या शोधात दूरवरून येणाऱ्या मजुरांच्या अंगी या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती नसे आणि जंगलालगत राहणाऱ्या या माणसांना डासांपासून आडोसाही नसे. जर्मनीत 1934 मध्ये तयार झालेले क्लोरोक्विन महायुद्धानंतर जगभर रूढ झाले होते. 1960 च्या दशकाच्या आरंभी पैलिनमध्ये ते रोजच्या मिठात मिसळून वाटण्यात आले. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु मिठातून पोटात जाणारी मात्रा माणसागणिक कमीजास्त होई, आणि औषधाचा अपुरा अंश रक्तात सतत राहिल्याने त्याला दाद न देणाऱ्या परजीवींचेच फावे. असे परजीवी या सीमेवर 1950 च्या दशकाच्या अखेरीसच आढळू लागले होते. मिठाने त्यांना मोकळे रान मिळाले, असे मानण्यास जागा आहे.

यामागचे जीवशास्त्र समजून घेण्याजोगे आहे. घातक हिवतापाचा परजीवी, प्लाझमोडियम फाल्सिपेरम, माणसाच्या रक्तात केवळ विभाजनाने वाढतो. त्याच्या नर-मादी पेशींचे मीलन घडते ते डासाच्या पोटात. रुग्णाच्या रक्तात एकाहून अधिक वाण असतील, तर डासाच्या पोटात त्यांच्या जनुकांची सरमिसळ होऊन नवे वाण निपजतात. आफ्रिकेतील दाट लागणीच्या भागांत ही सरमिसळ अखंड चालते. विरळ लागणीच्या पैलिनसारख्या प्रदेशात मात्र परजीवी बहुधा स्वतःच्याच वाणाशी जुळतो, आणि प्रतिकारास लागणारा जनुकीय बदलांचा संच विस्कटत नाही.

क्लोरोक्विनला निष्प्रभ करणारा मुख्य बदल सातव्या गुणसूत्रावरील एका जनुकात असतो. भारतात असा प्रतिकार 1973 मध्ये आसामात प्रथम नोंदला गेला, तर 1970 च्या दशकाच्या अखेरीस तो पूर्व आफ्रिकेत आढळला. तेथील परजीवींमधील हे जनुक आशियातून गेलेल्या वाणाचे असल्याचे पुढे जनुकीय अभ्यासांनी दाखवले. मलावीने 1993 मध्ये क्लोरोक्विनचा वापर थांबवला, तेव्हा औषधाला बळी पडणारे जुने वाण पूर्णतः नष्ट झालेले नसल्याने सुमारे दशकभरात तेच पुन्हा वरचढ ठरले. वैविध्याचा हा लाभ औषधयोजना आखताना फारसा कोणी हिशेबात धरला नव्हता, ही खेदाची बाब होय.

आर्टेमिसिनिन या नव्या औषधाने परजीवी सावकाश मरतात, हे 2009 मध्ये पैलिनमध्येच दिसून आले आणि 2014 मध्ये त्यास कारणीभूत असणारे केल्च-13 जनुकातील बदल ओळखता आले. पुढे रवांडात असाच बदल सापडला, तेव्हा तो आशियातून आलेला नसून तेथेच स्वतंत्रपणे उपजला असल्याचे स्पष्ट झाले; त्यामुळे केवळ सीमेवर पहारा ठेवण्याऐवजी प्रत्येक देशाला आपल्याच रुग्णांच्या रक्तातील वाण तपासत राहणे भाग पडले.