बिनब्रशाची दाढी

आमच्या घरात दाढीचा ब्रश कधी नव्हता. आरसा होता, तोही कोपऱ्यात तडा गेलेला. पत्र्याच्या डबीत सेफ्टी रेझर होता, पाच पानांचं पाकीट होतं, आणि खालून गुंडाळत आणलेली क्रीमची ट्यूब होती. आबा पलटणीतून 1968 साली पंधरा वर्षांची नोकरी संपवून आले तेव्हा ट्रंकेत एवढाच दाढीचा संसार. मी विचारलं, "आबा, ब्रश इसरला का?" तर म्हणाले, "ब्रश काश्मीरातच टाकला. सकाळी बघावं तर त्याचं लाकूड झालेलं असायचं. बोटं काय गोठत न्हाईत."

काश्मीरात बोटंही गोठतात, हे मला पुढं कळलं. पण आबांचं बोलणं असंच.

त्यांची पद्धत ठरलेली. तोंड धुऊन पाणी पुसायचं नाही. दाढी भिजेपर्यंत थांबायचं. मग वाटाण्याएवढं क्रीम तळहातावर, त्यावर चार थेंब पाणी, दोन्ही हात चोळून गालावर. बोटांची टोकं गोल फिरवत केसांच्या मुळाशी मुरवायचं. फेस फुगत नाही, पातळ साय धरल्यासारखी दिसते. तिथंच नवखा फसतो. फेस नाही म्हणून आणखी क्रीम घेतो आणि रेझर तुंबवून बसतो. वाढवायचं ते पाणी, क्रीम नव्हे. साय वाळत आली की ओलं बोट फिरवायचं. पातं केसाच्या वळणानं, हलक्या हातानं, आणि दर दोन हातांनी पाण्यात बुचकळायचं. सगळं काम एका तांब्यात. आबांना पाच मिनिटं लागत. हजेरीची शिट्टी व्हायच्या आत उरकायची सवय.

मुळापासून बिनब्रशाचं म्हणून केलेलं क्रीम वेगळं. त्यात साबण थोडा, तेलकट भाग जास्त. तोंडाला लावायच्या स्नोच्या जातीचं. अमेरिकेत इंडियानापोलिसला फ्रँक शील्ड्स नावाच्या रसायनतज्ज्ञानं 1919 साली 'बार्बासॉल' काढलं. मिनेसोटात 1925 साली 'बर्मा-शेव्ह' आलं आणि रस्त्याकडेला यमकं जुळवलेल्या पाट्या लावून खपलं. त्याआधी पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या खंदकात दाढी हा जिवाचा प्रश्न झाला होता. विषारी वायूचा मुखवटा गालाला घट्ट बसायचा तर गाल साफ हवा. आणि त्याच काळात नीट न धुतलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांतून काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, होऊन माणसं दगावली. हे वाचलं तेव्हा मला आबांची डबी आठवली. फौजेत फिरलेल्या माणसाचा ब्रशावर विश्वास नसतो, तो उगीच नसावा.

खरं म्हणजे गावची दाढीही बिनब्रशाचीच होती. गावचे न्हावी, त्यांना सगळे तात्या म्हणत, चावडीच्या पारावर बसत. धोकटीत वस्तरा, सहाण, कातडी पट्टा, नराणी, चिमटा, वाटी. वाटीतलं पाणी बोटांनी गालात जिरवत जिरवत ते असं काही मऊ करीत की माणूस बसल्या जागी पेंगायचा. साबणाचं नाव नाही. बदल्यात वर्षाचं बलुतं, सुगीत खळ्यावर ज्या त्या घरची पेंढी.

हे मी लांबून पाहिलेलं. पारावर आमच्या वस्तीतलं कुणी बसत नसे. बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय की साताऱ्यात पैसे देऊनही न्हावी मिळत नव्हता, भावंडांचे केस थोरली बहीण कापायची. आमच्यात ते काम चुलत्याकडं. त्याच्या हातात मेंढरं कातरायची कातर. दाढीला जुना वस्तरा होता, त्याला धार लागायची ती दगडावर. 1955 साली कायदा झाला, अस्पृश्यता म्हणून सेवा नाकारणं गुन्हा ठरला. पण कायदा तालुक्याला होता आणि पार गावात. शिवाय तात्यांचीही गोम होती. आमच्यापैकी एकाची दाढी केली असती तर गावानं सुगीत पेंढी आखडली असती. हे मी आज समजून घेतो. तेव्हा समजून घ्यायची इच्छाही नव्हती.

याच न्हाव्यांनी 1890 साली मुंबईत, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं, विधवांचं केशवपन करणार नाही म्हणून वस्तरे खाली ठेवले होते. कुणाला नाही म्हणावं हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

तर आबा रोज सकाळी ओट्यावर, रस्त्याकडं तोंड करून दाढी करीत. घरात उजेड कमी म्हणून, असं आई सांगायची. आत पुरेसा उजेड होता.

मग 1972 चा दुष्काळ पडला. खळीच नाहीत, तर बलुतं कुठलं? रस्त्याच्या कामावर सगळं गाव खडी फोडायला एका रांगेत आलं. पेन्शनीत भागेना म्हणून आबा आले, मीही शाळा सोडून आलो होतो, आणि पलीकडं डोक्याला फडकं गुंडाळून तात्या. लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी सगळ्यांनी सारखीच खाल्ली. पाणी टँकरनं यायचं, माणशी मोजून.

पंधरा दिवसांत तात्यांची बोटं फुटली. हातोड्यानं अंगठ्याचं नख काळं पडलं. दुसऱ्यांच्या दाढ्या करणाऱ्या माणसाची स्वतःची दाढी इंचभर वाढली. धोकटी घरी खुंटीला. एका दुपारच्या सुट्टीत आबा बाभळीखाली आरसा टेकवून बसले होते. तात्या येऊन जवळ उभे राहिले. बराच वेळ बघत राहिले.

"फौजी, एवढ्या पाण्यात हुतंय?"

"हुतंय की. बसा."

तात्या बसले. आबांनी ट्यूब पुढं केली. तात्यांनी तळहात पसरला, तो चिरांनी भरलेला. आबांनी क्रीम पिळलं, तांब्यातलं पाणी वरनं धरलं. मी रांगेकडं बघत होतो. रांगही इकडंच बघत होती. कुणी काही बोललं नाही. उन्हात बोलायला तोंडाला ओल लागते. तात्यांनी आबांच्या रेझरनं स्वतःची दाढी केली. आधी कडकडून धुतला मात्र, आणि आबा त्यावर हसले.

मग आबांनी आपली सुरू केली. हनुवटीखाली एका जागी केस उलटे होते, तिथं त्यांना नेहमी कापायचं. त्या दिवशीही रक्त आलं.

"थांब, थांब. उलटा हात मारतुयास," तात्या म्हणाले. त्यांनी रेझर काढून घेतला, डाव्या हाताच्या दोन बोटांनी आबांची हनुवटी वर केली, कातडी ताणली, आणि तिरप्या हातानं तेवढीच जागा साफ केली. चार हात मारले असतील. आबांनी डोळे मिटले होते.

पुढं रोज नाही, आठवड्यातून एकदा तेवढी ती जागा तात्या करीत. गावात पारावर नव्हे; कामावर, बाभळीखाली. शिमग्याच्या सुमारास ट्यूब संपली. आबांनी ती पात्यानं उभी चिरली, पत्रा उलगडून त्याचे दोन तुकडे केले आणि एक तात्यांना दिला. दोघं समोरासमोर बसून आतलं पांढरं बोटानं खरवडत होते.